'टेस्टचे मार्क' ग्रुपातलं गुपित

भरदुपारी, तव्यावर भाकरी असताना, जगदेवीने आपल्याच हाताने आपला घात करून घेतला.

लेक सृष्टीला डॉक्टर करायचं म्हणून ती उदगीरहून लातूरला येऊन राहिली होती. तुळजाबाईंच्या इमारतीत अशा आठ आया होत्या. पोरं क्लासला गेली की जगदेवी चोरून मोबाइलवर रहस्यकादंबरी लिहायची. आयांच्या ग्रुपचं नाव होतं 'टेस्टचे मार्क', घरमालकीण तुळजाबाईही त्यात होत्या. नवरा गुरुलिंग उदगीरहून आला की तिचा मोबाइल चाळायचा, पण हा ग्रुप चुकूनही उघडत नसे. म्हणून कादंबरीसाठी तिने स्वतःच्या एकटीचा ग्रुप काढला आणि त्यालाही तेच नाव दिलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"या इमारतीतली एक आई रोज दुपारी कुलूप लावून गुपचूप बाहेर पडते. ती कुठे जाते, ते मला ठाऊक आहे." कादंबरीची ही सुरुवात थेट आयांच्या ग्रुपात गेली. घाईघाईत पुसायला गेली, तर फक्त तिच्या मोबाइलवरून पुसलं गेलं. बाकीच्यांकडे तो मजकूर ठणठणीत राहिला.

भांडणं लावणाऱ्या बाईने त्याच दिवशी खोली खाली करायची, हा तुळजाबाईंचा कायदा. परीक्षा दोन महिन्यांवर. लातुरात या दिवसांत देव भेटेल, पण क्लासजवळ खोली भेटणार नाही.

पाचच मिनिटांत दार वाजलं. अर्धापूरच्या नागुबाई लंगडत आत आल्या.

"कामून पाळत ठेवून राहिल्या ओ माझ्यावर? स्कुटी शिकून राहिले मी! आमच्या मालकाला सांगू नका."

"अवो, ते तुमचं न्हाई..."

"मग दुसरं कोण स्कुटीवरून पडलं?"

त्यांना कशीबशी वाटेला लावते, तोवर समोरच्या खोलीतली प्रियदर्शनी आत घुसली आणि तिने आतून कडीच घातली.

"ताई, अभ्यासिकेत बघितलंत ना मला? नीटचा फॉर्म मीबी भरलाय. माझ्या आनंदराजला कळू देऊ नका, पोरगं लई खचंल."

"खचंल कशानं?"

"सराव पेपरात त्याच्यापेक्षा चाळीस मार्क जास्त हायत मला."

जगदेवी थक्क झाली. तिच्या कादंबरीतली बाई नुसती मावशीकडे जाणार होती. तिला आपल्या कल्पनाशक्तीची लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत सातही आया येऊन गेल्या. आठवी खेप खुद्द तुळजाबाईंची होती. त्यांना जिना चढताना ऐकूनच जगदेवीने बॅग पलंगावर काढली.

"मावशी, पाया पडते," ती रडकुंडीला आली. "ती कादंबरी हाय. समदं मनचं हाय. कुणाचंच न्हाई."

तुळजाबाई खुर्चीत बसल्या. दम खाल्ला.

"म्हणजे त्यातली बाई मी न्हाई?"

"न्हाई ओ!"

"सात जणी येऊन गेल्या. समद्यांचं काय ना काय हाय. आन् इमारत माझी असून मलाच गुपित न्हाई?"

"काय हाय तुमचं, मावशी?"

"मला काय म्हाईत? लिहिणारी तू हायस." तुळजाबाई उठल्या. "उद्या दुपारपर्यंत माझ्यासाठी एक चांगलं दणकट गुपित काढ. न्हाई तर खोली खाली कर!"