मेश्राम काकांची ऐंशी वाक्यं

पोस्टमनने घरोघरी वांगी वाटली, असं तुम्ही मेश्राम काकांना सांगितलंत तर ते हसणार नाहीत. चष्मा कपाळावर चढवतील, डोळे मिटतील आणि म्हणतील, "असं झालेलं आहे, बाई. गोंदियाकडे. त्याच्या वावरात वांगी बहुत झाली होती, तं टपालासंगं देऊन टाकली. लोकं मनिऑर्डरीपेक्षा वांग्याची वाट पाहत होते."

आता ही वांगी माझ्या पीएचडीच्या मुळावर कशी आली ते सांगते.

राज्य नवीन होतं, राजधानी नवीन होती, युनिव्हर्सिटीतली आमची लॅब नवीन होती आणि तिथलं यंत्र तर नुकतंच खोक्यातून निघालं होतं. जुनी म्हणजे एकटी मी. पीएचडीला चिकटून पाचवं वर्ष चालू होतं. मेंदूत भाषा कशी चालते ते पाहणं हे आमचं काम. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि कानात वाक्यं ऐकवायची. 'आईने तव्यावर भाकरी भाजली' ऐकलं की पडद्यावरची रेघ शांत राहते. 'आईने तव्यावर चप्पल भाजली' ऐकलं की अर्ध्या सेकंदाच्या आत ती दचकते. रायपूरच्या मराठी माणसाचा मेंदू मराठीत कसा दचकतो, हा माझा विषय.

अडचण एकच होती, माझं मराठी. आई जन्मभर मराठीत बोलली आणि मी जन्मभर तिला हिंदीत उत्तरं दिली. तरी हौसेनं पहिली टोपी मी स्वतःच घातली. माझा मेंदू चपलेला शांत राहिला आणि भाकरीला दचकला. माझ्या गाइड सरांनी ती रेघ बराच वेळ पाहिली आणि हळूच म्हणाले, "लिस्ट किसी असली मराठीवाले से चेक करवा लीजिए." आज मी हे जे मराठी लिहिते आहे ते निम्मं मेश्राम काकांचं आहे. चुका तेवढ्या माझ्या.

तर असली मराठीवाले म्हणून काका आले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आल्या आल्या त्यांनी तारांची टोपी उलटी-सुलटी करून पाहिली.

"हे डोक्यातलं पार्सल उघडून पाहते, का बाहेरूनच तोलते?"

"बाहेरूनच, काका."

"मंग बरं आहे."

मेंदूच्या यंत्राचं इतकं नेमकं वर्णन मला माझ्या प्रबंधातही जमलेलं नाही.

काम साधं होतं. ऐंशी वाक्यं, निम्मी बरोबर, निम्मी चूक. प्रत्येकापुढे खूण करायची आणि खाली सही. मी धरलं होतं तासाभराचं काम. काका दर मंगळवारी आणि गुरुवारी येत राहिले, दोन महिने झाले आणि आम्ही अकराव्या वाक्यावर होतो.

कारण काकांच्या लेखी चूक असं काही नव्हतंच. तीस-पस्तीस वर्षं पार्सल ऑफिसात काढलेल्या माणसाला जगात कुठलीही वस्तू कुठेही सापडू शकते. पोस्टमनची वांगीही याच यादीतली. तव्यावरची चप्पल? "माझ्या सासूनं भाजली ना. पावसाळा होता, पाहुण्याले गाडी पकडायची होती." गार्डाने गाडी सोडायला हिरवी लुंगी दाखवली? "असं झालेलं आहे. गाडी टाइमावर सुटली, बोलणार काय?" बरं, बरोबर वाक्यं तरी मुकाट पास करावीत! 'मुलीने दुधात साखर घातली.' यावर काका गंभीर झाले. "कोणाच्या दुधात? घरात शुगर कोणाले आहे, ते पाहाले नको?"

खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. चहा यायचा, संपायचा, पुन्हा यायचा. लॅबमधली बाकीची पोरं "दीदी, आज कौन सा वाला?" म्हणून विचारून जायची. आणि मग पीएचडीच्या कमिटीचं पत्र आलं. तपासलेली, सही केलेली यादी शुक्रवारपर्यंत द्या, नाही तर नोंदणी रद्द.

त्या मंगळवारी काका बाराव्या वाक्यावर आले. 'न्हाव्याने कात्रीने केस कापले.'

"वस्तऱ्यानं काहून नाही?" त्यांनी सुरुवात केली.

माझं डोकं फिरलं. "काका, तुम्हाला वाक्यं तपासायला बोलावलंय, गप्पा ठोकायला नाही. माझी पाच वर्षं बुडून राहिली इथं."

काकांनी पेनाला टोपण लावलं. "बरं, बाई," म्हणाले आणि निघून गेले.

गुरुवारी आले नाहीत. संध्याकाळी मी त्यांचा पत्ता काढून स्टेशनपलीकडे त्यांच्या घरी गेले. माफी मागायला गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. सही घ्यायला गेले होते.

दार सुनेनं उघडलं. ती भिलाईची, मराठी नव्हे. मुलगा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत, रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर गेलेला. घर नीटनेटकं होतं, काका खिडकीशी खुर्चीत बसले होते.

"बाबूजी, युनिव्हर्सिटी से मैडम आई हैं."

"हव."

"चाय बना दूँ?"

"हव."

"दवाई ले ली थी ना?"

"हव."

तिन्ही वेळा नुसतं 'हो'. सून मला जरा बाजूला घेऊन म्हणाली, "बाबूजी तो बोलते ही नहीं, मैडम. अम्माजी गईं, तब से बस हव-हव. हम लोग हिंदी वाले, हमसे क्या बात करें." तक्रार नव्हती तिची, काळजीच होती. ती चहा टाकायला आत गेली आणि मी त्या गप्प माणसाकडे पाहत राहिले. बारा वाक्यं दोन महिने पुरवणारा हाच का तो, मला कळेना.

काका उठले आणि त्यांनी गादीखालून एक कागद काढला. पहिल्या दिवशी मी त्यांना यादी घरी दिली होती, ती हरवली म्हणून दुसरी काढून द्यावी लागली होती. ही ती हरवलेली. ऐंशीच्या ऐंशी वाक्यांपुढे खुणा, सगळ्या अचूक, खाली सही आणि पहिल्याच दिवसाची तारीख.

"मग द्यायची ना, काका."

"दिली असती तं तू थँक्यू म्हटलं असतं," ते म्हणाले. "मंग मंगळवारी मी कुठं जाऊ?"

मला फार शरम वाटली. आणि शरमेपेक्षा वाईट म्हणजे, त्यातही मी आधी सही नीट पाहून घेतली. यादी घेऊन उठायला हवं होतं, पण उठवेना. मी बोट फिरवत एका वाक्यावर आणलं. 'आजीने विहिरीत घड्याळ सोडलं.' पुढे काकांनी 'चूक' अशी खूण केली होती.

"हे चूक काहून, काका?"

"चूकच आहे. विहिरीत बादली सोडतात."

"मले नाही पटत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी काही हलले नाही.

"तुझ्या काकूनं सोडलं होतं," ते अखेर म्हणाले. "नवीन लग्न झालं होतं. मी रेल्वेचा माणूस, जेवतानाही घड्याळच पाहत राहत होतो. तिनं माझ्या मनगटावरून काढलं, दोरीले बांधलं अन् दिलं विहिरीत सोडून. म्हणे, आता जेव."

"अम्माजी ने?" सून चहा घेऊन दारात उभी होती. "अम्माजी ने घड़ी कुएँ में डाल दी?" ती ट्रे घेऊन तशीच खाली बसली. "फिर क्या हुआ, बाबूजी?"

काकांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि पुढचं सांगायला घेतलं. मराठीतच, ती अडली की मध्ये एखादा हिंदी शब्द टाकत. माझा चहा ट्रेमध्येच राहिला. मी यादी घेऊन उठले, चप्पल घातली आणि दारातून म्हणाले, "येते, काका."

"हव," काका म्हणाले. मान काही त्यांनी वळवली नाही. मला थोडा राग आला, आणि फार बरं वाटलं.