कॉलेज कुणाचं?

बबनमामा कबड्डीच्या सामन्याला एकटेच जायचे आणि दोन माणसांचं ओरडायचे.

मैदानाच्या एका कडेला उभं राहून, दोन्ही तळहात तोंडाशी धरून ते विचारत, "कॉलेज कुणाचं?" मग लगबगीनं दहा पावलं चालून दुसरीकडे जात, मागे वळत आणि आवाज जाड करून स्वतःलाच उत्तर देत, "आपलं!" पुन्हा इकडे येऊन प्रश्न, पुन्हा तिकडे जाऊन उत्तर. समोरच्या संघाच्या मुली हसून हसून बेजार होत. एकदा पंचांनी खेळ थांबवून विचारलं होतं, "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? दोन्हीकडं दिसताय."

मी मोशीच्या ज्या कॉलेजात शिकवतो, तिथं मामा शिपाई आहेत. ड्यूटी फाटकावर. वय अठ्ठावन्न, डोक्यावर पांढरी टोपी, पायात मुलांनी कधीतरी टाकून दिलेले स्पोर्ट्स शूज. त्यांच्याजवळ कॉलेजचा झेंडाही होता. कार्यालयातल्या टेबलावरचं जुनं हिरवं कापड त्यांनी बांबूला शिवलं होतं. त्यावर शाईचा एक मोठा डाग होता. कुणी विचारलं तर सांगत, "ते आपलं चिन्ह हाय."

'आपलं' हा शब्द त्यांनी धरून ठेवला होता. एखादा पालक फाटकावर येऊन म्हणाला, "तुमच्या कॉलेजचं ऑफिस कुठंय?" की मामा नुसते बघत राहत. "आपल्या म्हणा, मग सांगतो." कुरिअरवाल्याचीही सुटका नव्हती. बिचारा घाईत म्हणायचा, "मामा, आपल्या कॉलेजचं पार्सल हाय, घ्या आता." मामा खूश होऊन सही करत.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, प्रश्न आणि उत्तर दोन्ही तुम्हीच का ओरडता?

"पयल्या वर्सी नुसतं इचारलं, सर. कुनीच बोललं न्हाई. हाक मारली आन् उत्तर आलं न्हाई, तर हाक उघडी पडती. तिला झाकाया कुनीतरी पायजे का न्हाई?"

उत्तर द्यायला कोण येणार होतं? आमची मुलं बीड, वाशिम, नांदेडहून आलेली. सकाळी तास, दुपारी चाकणला कंपनीत शिफ्ट. तास संपला की कंपनीची बस. कॉलेज म्हणजे त्यांना एक थांबा. कबड्डीच्या मुलींनासुद्धा सामन्याच्या दिवशी सुट्टी मागावी लागायची. पाहायला मग कोण जाणार? मामा जात.

आता माझ्याबद्दल लिहायला हवं. ते लिहिण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलोय.

त्या वर्षी तपासणी समिती येणार होती. विद्यार्थ्यांमध्ये आपलेपणाची भावना वाढवण्यासाठी काय केलं, असा एक रकाना भरायचा होता. ते काम माझ्याकडे आलं. मी 'आपुलकी सप्ताह' भरवला. टी-शर्ट छापले, फोटो काढायला एक सजवलेली चौकट उभी केली. वीस-बावीस मुलं आली. त्यांनाच जागा बदलून बदलून उभं केलं आणि गर्दी दाखवली.

समिती आली. गाडीतून उतरताना त्यातले ज्येष्ठ सदस्य सहज म्हणाले, "छान आहे तुमचं कॉलेज." फाटक धरून उभे असलेले मामा नम्रपणे म्हणाले, "आपलं म्हणा, सायेब."

सदस्य हसले. आमचे संस्थाचालक हसले नाहीत. त्याला कारण होतं. कॉलेज उभं आहे ती जमीन मामांच्या घराण्याची. आज मैदान आहे तिथं त्यांच्या वडिलांचं कांद्याचं वावर होतं. जमिनीच्या बदल्यात मामांना नोकरी मिळाली होती, आणि त्यांच्या भावकीनं पुढं संस्थेवर दावा लावला होता. दावा अजून चालू होता. संध्याकाळी प्राचार्यांनी मला बोलावलं. "हा माणूस नक्की काय ओरडत असतो, ते लेखी द्या."

मी लिहायला बसलो. 'सदर कर्मचारी हे कॉलेज आपलं आहे असे ओरडतात.' सरकारी कागदात 'आपलं' कसंतरीच दिसलं. पोरकट. मी ते खोडून 'आमचे' केलं. 'हे कॉलेज आमचे आहे असे जाहीरपणे ओरडतात.' वाक्य एकदम भारदस्त झालं. छापून निघाल्यावर त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला. मी मराठी माणूस आहे, दोन शब्दांतला फरक मला शिकवायला नको. पण प्राचार्य वाट बघत होते. शिवाय, खरं सांगतो, त्या शब्दामुळे माझा अहवाल महत्त्वाचा वाटत होता. मी सही केली.

आठवड्यात मामांची फाटकावरून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली झाली. मालकी हक्काच्या घोषणा देऊ नयेत, संघाबरोबर बाहेर जाऊ नये, अशी लेखी ताकीद मिळाली. पत्र त्यांच्या हाती द्यायला मीच गेलो. मामांनी ते उभ्या उभ्या वाचलं. त्यात उतरवलेल्या माझ्या अहवालातल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "सर, ह्यात 'आमचे' कुनी लिव्हलं? मी आसं म्हनत न्हाई."

"टायपिंगची चूक असेल," मी म्हणालो.

"त्या टायपिंगवाल्याला सांगा," मामा शांतपणे म्हणाले, "आमचं म्हनलं की समोरचा भाईर ऱ्हातो."

फाटकावर सिक्युरिटी एजन्सीचा माणूस आला. तो कुणाला काही म्हणायला लावत नसे. मुलं यायची, जायची. मी तळघराकडे जाणारा जिना टाळू लागलो.

आणि त्याच वर्षी आमच्या मुली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचल्या. सामना चाकणला होता. संघाबरोबर जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी निघालो. बसमध्ये चढताना कर्णधार रेणुकानं मागे वळून पाहिलं. बीडची मुलगी, रात्रपाळी करून आली होती.

"मामा न्हाईत व्हय, सर?"

"नाहीत."

"मंग आपलं तिथं कोन हाय?"

मी बसमधून खाली उतरलो. प्राचार्यांच्या टेबलावर एक कागद लिहून ठेवला. मूळ शब्द 'आपलं' होता, तो मी बदलला, चूक माझी आहे. दोनच ओळी. त्याला मला तीन महिने लागले होते.

चाकणच्या मैदानावर पोचलो, तर अगदी टोकाच्या बाकावर मामा बसलेले. किरकोळ रजा टाकून, स्वतःच्या पैशानं पीएमपीच्या बसनं आले होते. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला झेंडा. सामना सुरू झाल्यावर मी शेजारी जाऊन बसलो.

"मामा, ती टायपिंगची चूक नव्हती. ते मी लिहिलं होतं."

"ठावं हाय." मामांची नजर खेळावर होती. "आपल्या हापिसात टायपिंगला मानूस हायच कुठं? तुमीच बडवता समदं."

सामना सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती. आमच्यावर एक लोण चढला होता.

"भावकीच्या दाव्यात तुमचंही नाव आहे ना?" मी विचारलं. हे मी तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं.

"न्हाई. मी सही न्हाई केली. दिलं ते दिलं. जिथं पोरं शिकत्यात ते परकं कसं म्हनू? तवापासून भावकीनं लग्नाच्या पत्रिका धाडायचं बंद केलं. आता बारा वर्सं झाली. न्हाई म्हनायला, कॉलेजच्या गॅदरिंगची पत्रिका येती."

मैदानावर रेणुका चढाईला निघाली होती. आमच्या बाजूला तिच्यासह दोघीच उरल्या होत्या. जाता जाता तिनं आमच्या बाकाकडे पाहिलं. मामांनी झेंडा घट्ट धरला, पण ते उठले नाहीत. "लेखी मनाई हाय, सर."

मला नव्हती.

मी उभा राहिलो. पन्नाशीचा माणूस, गणिताचा प्राध्यापक, आयुष्यात वर्गाबाहेर कधी ओरडलो नव्हतो. तळहात तोंडाशी धरले. आवाज चिरकला. "कॉलेज कुणाचं?"

उत्तर आलं नाही. लोक वळून बघायला लागले. हाक उघडी पडली म्हणजे काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं. मी मामांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलेलं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

त्यांनी माझी बाही धरली.

"सर, इतकी वर्सं इचारनारा बी मीच व्हतो," ते हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्या कुनी इचारायची सवय न्हाई. जरा पुन्यांदा इचारा."

मी पुन्हा विचारलं.