रोखकाका जामीन राहतात

"जामीन मी राहतो," असं रोखकाकांनी आरामखुर्चीतून जाहीर केलं आणि लेकीचा जीव भांड्यात पडला. तिला चष्म्यांचं दुकान टाकायचं होतं. गाळ्याची अनामत भरून झाली होती, बँकेचं कर्ज तेवढं जामिनावाचून अडलं होतं.

'रोखकाका' हे नाव गल्लीने ठेवलेलं. आपण उभ्या आयुष्यात कुणाचा छदाम उधार घेतला नाही, हे काका पोस्टमनलासुद्धा पकडून सांगत. शेजाऱ्यांनी हप्त्यांवर टीव्ही आणला, तेव्हा तो बघायला म्हणून गेलेले काका टीव्हीकडे पाठ करून तासभर कर्जावरच बोलले होते.

बँकेत मॅनेजरबाईंनी काकांची माहिती संगणकात भरली. "आता तुमच्या नावावर काय काय कर्ज आहे, ते बघू."

"काही नाही. उगाच वेळ घालवू नका."

"काही नाही कसं? चार कर्जं दिसताहेत."

काका मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत, तसं त्यांचं हसू ओसरलं.

"दुसऱ्या कुणाची तरी असतील."

"नाव तुमचं, पत्ता तुमचा. सहीसुद्धा तुमचीच आहे."

"म्हणजे माझ्या नावाने कुणीतरी हात मारलाय! आत्ताच्या आत्ता लेखी तक्रार देतो. कागद आणा."

"बाबा, तक्रार केलीत तर चौकशी होईस्तोवर माझं कर्ज लटकेल," लेक रडकुंडीला आली. "गाळा हातचा जाईल हो."

"जाऊ दे गाळा! इथे माझी अब्रू गेलीये."

मॅनेजरबाई एकेका कर्जाला जोडलेलं बिल उघडून वाचू लागल्या आणि काका तक्रारीत उतरवू लागले.

"वॉशिंग मशीन."

काकांनी लिहिलं.

"फ्रीज."

"चोर संसारी दिसतोय," काका पुटपुटले.

"शिलाई मशीन."

लेकीने मान खाली घातली. तिच्या लग्नात काकांनी तिला शिलाई मशीन दिलं होतं आणि रोखीवर भाषणही केलं होतं.

"शेवटची आरामखुर्ची. तपकिरी रंगाची, पाय वर होणारी. तुमच्या निवृत्तीच्याच महिन्यातली आहे."

पेन थांबलं.

काका ऑफिसात मुख्य तपासनीस होते. लोकांच्या अर्जातला स्वल्पविरामही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यामुळेच घरी आल्यावर कागद म्हणून वाचायचा नाही, असा त्यांनी नेम केला होता. काकू जिथे बोट ठेवत तिथे ते सही ठोकत, आणि बहुतेक वेळा तोंडाने कर्जाचे तोटे सांगत.

"सगळे हप्ते मात्र वेळच्या वेळी गेलेत," मॅनेजरबाई कौतुकाने म्हणाल्या. "खरं सांगू? एकही कर्ज नसतं ना, तर तुम्हाला जामीन म्हणून घ्यायला आम्ही कचरलो असतो. फेडायची सवय आहे की नाही, हे कसं कळणार? बरं, तक्रार देताय ना?"

लेक नुसती बापाकडे बघत होती, आणि ते बघणं काकांना सोसवेना. त्यांनी तक्रारीची घडी करून खिशात घातली आणि जामीनपत्र पुढे ओढलं. मात्र ते त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. तेवढ्या वेळात बाईंचा चहा येऊन गारही झाला.

घरी आल्या आल्या त्यांनी काकूंना गाठलं. "खुर्ची रोखीने घेतली म्हणालीस!"

"मी 'खुर्ची आली' एवढंच म्हणाले. रोखीने, हे तुम्हीच ठरवलंत आणि गल्लीभर सांगत सुटलात. घरखर्चातून हप्ते काढताना माझा जीव मेटाकुटीला आलाय."

काका ओशाळले, पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "उधारीच्या खुर्चीत मी बसणार नाही! शेवटचा हप्ता फिटेपर्यंत टेकणारसुद्धा नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि येऊन खुर्चीत बसल्या. खुर्ची घरात आल्यापासून पहिल्यांदाच. पाय वर करून त्यांनी डोळे मिटले.

काका बराच वेळ भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मग हळूच त्यांनी विचारलं, "किती राहिलेत गं हप्ते?"

"पुष्कळ आहेत," डोळे न उघडता काकू म्हणाल्या.