एक्केचाळीस पाहुणे आणि एक कढई

दार वाजतं तेव्हा सण सुरू होतो. त्याआधी जे चालतं ती नुसती साफसफाई. परदेशात राहायला गेलेल्या माणसाला हे पहिल्याच वर्षी उमगतं, कारण तिथे दार वाजत नाही.

आपल्या गोष्टीतला गृहस्थ लिफ्ट तपासनीस. परक्या देशात, पाचव्या मजल्यावर, बायकोसह राहणारा. चौदा वर्षांच्या नोकरीत त्याने एकाही नादुरुस्त लिफ्टला ठीक असल्याचा दाखला दिला नव्हता (म्हणून बढतीही झाली नव्हती). नोंदी ठेवायची खोड असल्याने त्याला पक्कं माहीत होतं की तीन वर्षांत घरची बेल नऊ वेळा वाजली. पाच पार्सलं, तीन वेळा मीटर बघणारा, आणि एक जण चुकून आलेला. त्या चुकून आलेल्याला बायकोने दोन कप चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. तो बिचारा हल्ली पलीकडच्या रस्त्याने जातो.

खरी अडचण फोनची होती. दर सणाला संध्याकाळी मायदेशातून तपासनिसाच्या आईचा फोन यायचा आणि सुनेला पहिला प्रश्न ठरलेला: "कोण कोण आलं होतं गं?"

"आले होते की चार जण," ती म्हणायची. फोन ठेवला की जाऊन घासलेलीच कढई पुन्हा घासायची. अशा वेळी स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, एवढं ज्ञान तपासनिसाला लग्नाने दिलं होतं. पण तो कढईचा आवाज थांबेपर्यंत तो दाराबाहेरच उभा राहायचा.

चौथ्या वर्षी बायको इरेला पेटली आणि पन्नास माणसांचं तळण काढायला बसली.

"अगं, खाणार कोण?"

"कुणी का खाईना. सण आहे."

तेल तापलं, धूर कोंडला आणि छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. इमारतीची नियमावली, कलम एकोणीस, म्हणते: (अ) अलार्म वाजताच सर्व रहिवाशांनी जिन्याने खाली उतरावे, (ब) कोणतीही वस्तू सोबत घेऊ नये, (क) अग्निशमन दलाने संबंधित घरात किमान वीस मिनिटे पाहणी करावी, तोवर कोणीही वर जाऊ नये. माणसांना एकत्र आणण्याचा इतका खोल विचार आजवर कुठल्याही सांस्कृतिक खात्याला सुचलेला नाही.

बायकोने (ब)चा सरळ भंग करून तळणाचा डबा खाली नेला. पार्किंगमध्ये एक्केचाळीस माणसं, कुणी पायजम्यात, कुणी अर्धी दाढी करून, कुडकुडत उभी. जायला जागा नाही आणि समोर गरम डबा. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सहा नग खाऊन कृती विचारली. चौथ्या मजल्यावरचा बेकरीवाला, जो तीन वर्षं लिफ्टमध्ये फक्त मजल्यांचे आकडे वाचत उभा राहायचा, तो आपल्या सांधेदुखीचं सगळं सांगून मोकळा झाला. वर चार जवान हेल्मेट मांडीवर घेऊन सोफ्यावर पाहणी करत होते. पाहणी पन्नास मिनिटं चालली (उरलेलं तळण संपेपर्यंत).

संध्याकाळी फोन आला. बायकोने घसा साफ केला. "एक्केचाळीस, आई. शिवाय गणवेशातले चार."

पलीकडून लगेच, "अगंबाई! पुरलं का गं सगळ्यांना?"

त्या रात्री कढई एकदाच घासली गेली.

पाठोपाठ इमारतीच्या व्यवस्थापकाचं कडक पत्र आलं. तपासनीस पडला नियमाचा माणूस. त्याने ओट्यावर धूर ओढणारा पंखा बसवला, तोही दोन इंच मोठा. पुढच्या सणाला बायकोने साठ माणसांचं तळण काढलं. धुराची एक रेघ वर गेली नाही. बारा वाजले, एक वाजला. बायको नवे कपडे घालून बंद दारासमोर खुर्ची टाकून बसली होती.

"पंखा फार छान बसवलात हो तुम्ही," ती म्हणाली.

तपासनीस उठला. पावाचा तुकडा गॅसवर काळाठिक्कर जाळला, चिमट्यात धरला, स्टुलावर चढला आणि अलार्मच्या नाकाशी नेला. चौदा वर्षांची सचोटी गेली आणि अलार्म बोंबलला.

त्याने दार उघडलं तर जिन्यात सगळी इमारत उभी. इस्त्रीचे कपडे, घडीच्या खुर्च्या, ज्याच्या त्याच्या हातात एकेक भांडं.

"काय हे!" शिक्षिकाबाई कडाडल्या. "अकरापासून बूट घालून बसलोय आम्ही!"

अग्निशमन दल चाळीस सेकंदांत पोचलं (गाडी कोपऱ्यावरच उभी होती). व्यवस्थापक शेवटी आला. त्याच्या एका हातात नोटीस होती, दुसऱ्या हातात रिकामा डबा.

दंगा वाढू नये म्हणून आता रीतसर 'नियोजित आणीबाणी अर्ज' निघाला आहे. तीन प्रतींत भरायचा. 'आगीचे कारण' या रकान्यात 'सण' लिहिलेलं चालतं. बावीस घरांचे बावीस सण, त्यामुळे प्रतीक्षायादी दीड वर्षावर गेली आहे. बेकरीवाल्याने वाढदिवसासाठी किरकोळ धूर मागितला होता, तो नामंजूर झाला.

पाव जाळला त्या संध्याकाळी बायकोने फोनवर आकडा सांगितला, त्रेसष्ट, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच उलट विचारलं, "आणि आई, तुमच्याकडे कोण कोण आलं होतं?"

"माझ्याकडे?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्याकडे कोण येणार गं? सगळे इथेच तर राहतात." मग हळूच, "तो अलार्म इकडे मिळेल का गं कुठे?"

वाचकांनी मात्र अर्जाचा नमुना मागवू नये. तो फक्त परक्या मुलखात राहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही आपल्या माणसांत राहता, भिंतीपलीकडचे तुमचीच भाषा बोलतात. तुम्हाला धुराची काय गरज? फक्त नोंदीसाठी एक माहिती हवी होती: पलीकडच्या घरात राहतं कोण हो?