काढून ठेवलेल्या सामानाचं गूढ

"गरुडाची नजर, पोलादी मन आणि समोरच्याच्या काळजाचा ठाव घेणारं नाक." दाजी स्वतःचं वर्णन असं करत आणि ते ऐकायला कोणी नसेल तर मेहुण्याला हाक मारत. मेहुण्याचं निरीक्षण थोडं वेगळं होतं. गरुडाच्या नजरेला चष्म्याशिवाय स्वतःच्या दाराची कडी सापडत नसे, पोलादी मन झुरळ दिसलं की पातळ होई, आणि नाक मात्र खरोखरच मोठं होतं.

दाजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. बस डेपोतल्या 'हरवले-सापडले' या खिडकीमागे त्यांनी सगळी नोकरी काढली. त्या काळात असंख्य छत्र्या, डबे आणि एकदा एक कवळी त्यांच्या ताब्यात आली. त्यातली एक छत्री मालकाला परत मिळाली, तीही मालक स्वतः खिडकीशी येऊन "ती माझी" म्हणाला म्हणून. दाजी तिला आजही 'उकललेलं प्रकरण' म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावरच्या पाटीवर नावाखाली 'खासगी शोधकार्य' असं रंगवून घेतलं आणि सगळी इमारत त्यांना 'सुगावा' म्हणू लागली. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

तर या सुगावांचं घर विकायला काढलं होतं. कारण ताईचे गुडघे. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि जिना उतरायचा म्हणजे ताईला एका बाजूने नवरा आणि दुसऱ्या बाजूने कठडा लागायचा. दोघांपैकी कठडा जास्त भरवशाचा होता. तळमजल्यावरचं एक छोटं घर तिला फार आवडलं होतं. त्याचा मालक रविवारपर्यंत थांबायला तयार होता, पुढे नाही. रविवारी सकाळी एक जोडपं हे घर बघायला यायचं होतं. त्यांनी होकार दिला तर ताई खाली उतरणार होती. नाही दिला तर तिला पुढचं आयुष्य खिडकीतून रस्ता बघत काढावं लागणार होतं.

घराच्या व्यवहाराचं बघणारी एजंटबाई येऊन सगळीकडे फिरून गेली. जाताना तिने स्पष्टच सांगितलं की येणाऱ्या माणसाला तुमचा संसार बघायचा नसतो, स्वतःचा कसा मावेल ते बघायचं असतं. निम्मं सामान हलवा, आणि एका टेबलावर एकच वस्तू ठेवा. मग ताईने भावाला फोन केला. तो एका शाळेत चित्रकला शिकवायचा आणि त्याचं लग्न झालेलं नव्हतं. लग्न न झालेल्या माणसाला कायमचीच सुट्टी असते अशी नातेवाइकांची पक्की समजूत असते.

मेहुणा आला आणि कामाला जुंपला गेला. पाहुण्यांसाठी घेतलेली आणि पाहुण्यांना कधीच न दिलेली जाडजूड उशी, पाय तुटलेला छत्र्यांचा स्टँड, चिनी मातीचं एक गलेलठ्ठ मांजर, जिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले अशी व्यायामाची सायकल, असं सगळं त्याने दाराबाहेर, जिन्याच्या चौकात रचलं. जुन्या वस्तू गरजूंना देणाऱ्या एका संस्थेचा टेंपो सोमवारी ते घेऊन जाणार होता. दुपारी दोघांनी ताईला धरून व्यायामोपचारवाल्याकडे नेलं. परत येऊन बघतात तर चौक रिकामा. मेहुण्याला बरं वाटलं, टेंपो लवकर आला म्हणून. तो घरात शिरला आणि मांजर शोकेसमधून त्याच्याकडे बघत होतं.

उशी दिवाणावर होती. स्टँड दारामागे होता. सायकलवर टॉवेल वाळत होता.

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा बाहेर काढलं आणि संध्याकाळी सगळं पुन्हा आत. तिसऱ्या दिवशीही तेच. ताईने डोक्याला हात लावला. दाजींचा चेहरा मात्र उजळला. चोराच्या उलट्या बोंबा खूप ऐकल्या होत्या, ते म्हणाले, पण हा तर चोरच उलटा आहे. कुलूप न तोडता शिरतो आणि काही न घेता उलट ठेवून जातो. असा गुन्हेगार शतकात एखादाच निपजतो, आणि तो आपल्या घरी यावा हा योगायोग नव्हे.

त्यांनी पहिला संशय घेतला दुसऱ्या मजल्यावरच्या बासरीवाल्यावर. त्याला हे घर स्वतःलाच हवं असणार, म्हणून तो ते अडगळीचं दाखवून गिऱ्हाईक पळवतोय. ताईने आठवण करून दिली की तो महिनाभर गावाला गेलाय. दाजी म्हणाले, गुन्हेगार नेहमी गावालाच गेलेला असतो. मग संशय एजंटबाईवर गेला, पण तिचा यात फायदा काय ते दाजींना सुचेना, म्हणून तिला तात्पुरतं सोडण्यात आलं. मग त्यांना पलंगाखाली एक सुतळीचा तुकडा सापडला आणि "धागेदोरे हाती लागले" म्हणत ते भिंग घेऊन आडवे झाले. खोकी बांधायला ती सुतळी मेहुण्यानेच आणली होती. तसं त्याने सांगितलं आणि तिथेच चुकलं.

"तू इथे कधी आलास?" दाजींनी डोळे बारीक करून विचारलं.

"सामान काढायला बोलावलंत तेव्हा."

"आणि सामान परत यायला कधी लागलं?"

"काढल्यावर."

"म्हणजे तू आल्यावर." दाजींनी सुस्कारा सोडला. त्यात आनंदच जास्त होता.

आरोपी सापडला होता, पुरावा तेवढा हवा होता. पावलांचे ठसे उमटावेत म्हणून शुक्रवारी दाजींनी दाराच्या आत अंगाला लावायची पावडर पसरली. परत आल्यावर सामान तर आत होतंच, शिवाय पावडर गायब होती. कोणीतरी ती नीट झाडून घेतली होती आणि झाडू जागेवर ठेवला होता. स्वतःचं घर स्वतः झाडणारा म्हणजे अविवाहित, असा निष्कर्ष दाजींनी काढला आणि पुन्हा मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा त्या वेळी ताईला धरून व्यायामोपचारवाल्याच्या दारात उभा होता, आणि ताईची दुसरी बाजू दाजींनीच धरलेली होती. हे त्याने सांगून पाहिलं. दाजी म्हणाले, इतकी भक्कम साक्ष निरपराध माणसाकडे कधीच नसते.

रविवार तोंडावर आला होता आणि ताईचा धीर सुटत चालला होता. घर काही मोकळं होत नाही, असं ती दोनदा म्हणाली. मग शनिवारी दाजींनी सापळा रचला. सगळ्यांनी गाजावाजा करत बाहेर पडायचं, दाराला बाहेरून कुलूप लावायचं आणि ते स्वतः रिकाम्या कपाटात बसून पाळत ठेवणार. सोबत भिंग, शिट्टी आणि ताईची शाल घेऊन ते आत बसले. मेहुण्याने एकट्याने ताईला खाली उतरवलं आणि त्याला नव्याने कळलं की दाजींचाही थोडाफार उपयोग होतो.

परतताना फाटकाशी एजंटबाई भेटली. उद्याच्या आधी घर एकदा नजरेखालून घालायला आली होती. तिघं ताईच्या चालीने, दर मजल्यावर विसावा घेत वर चढले. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या पायऱ्यांवर ते पोचले आणि तिथेच थबकले.

समोरच्या वहिनी चिनी मातीचं मांजर कडेवर घेऊन ताईच्या दारातून आत शिरत होत्या, आणि कुलपाला किल्ली लटकत होती.

समोरच्या वहिनी म्हणजे समोरच्या दाराच्या वहिनी. एकट्याच राहायच्या. त्यांच्या यजमानांच्या शेवटच्या दुखण्यात ताई दोन दारांच्या मध्येच राहत होती म्हणायला हरकत नाही, आणि ताईचे गुडघे गेल्यापासून तिची भाजी वहिनीच आणत. ताईच्या घराची दुसरी किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याकडे असे. ही गोष्ट इतकी रोजची होती की कोणाला आठवलीसुद्धा नाही.

एजंटबाईने विचारलं, हे काय चाललंय. वहिनींना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"सामान जिन्यात काढून ठेवलंय, जरा लक्ष असू द्या, असं हीच म्हणाली ना मला? मग ठेवलं लक्ष. उघड्यावर किती दिवस राहणार ते? काय कुठे ठेवायचं ते मला माहीत आहे." मग मेहुण्याकडे वळून म्हणाल्या, "छत्री ठेवायला कपाट उघडलं तर आत तुझे दाजी झोपलेले. दमले असतील म्हणून दार हळूच लावून घेतलं."

आतून एक दबकी शिट्टी ऐकू आली आणि शाल पांघरलेले दाजी दारात येऊन उभे राहिले. कोणी हलू नका, असं त्यांनी फर्मावलं. कोणी हलत नव्हतंच.

"अहो, पण यांना घर विकायचंय," एजंटबाई म्हणाली. "उद्या माणसं यायचीत."

ताई पायरीवर बसली. घर आवरतोय, एवढंच तिने वहिनींना सांगितलं होतं. खरं काय ते सांगायला ती रोज त्यांच्या दाराशी जायची आणि भाजीचं बोलून परत यायची. जीभच रेटत नव्हती. तिला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"कळलंय मला," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवशी खरंच वाटलं, आवराआवर आहे. दुसऱ्या दिवशी तीच उशी परत बाहेर दिसली तेव्हा समजले. पण तू तोंडाने सांगेपर्यंत मी एकेक वस्तू परत ठेवत राहणार होते. म्हटलं बघू, आधी कोण दमतं."

"नाही विकत मी," ताई म्हणाली. "उद्या येऊ नका म्हणून सांगते त्यांना."

वहिनी मांजरासकट तिच्याशेजारी बसल्या. "वेडी आहेस का? गुडघे तुझे आहेत. मला राग घर विकण्याचा नाही आला. मला सगळ्यात शेवटी कळलं याचा आला."

"म्हणजे गुन्हा कबूल आहे?" दाजींनी विचारलं. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

ताई थोडा वेळ रडली, वहिनीही रडल्या, आणि एजंटबाई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. मग वहिनींनी डोळे पुसले आणि उठून बाह्या सरसावल्या. टेंपो सोमवारी येतोय ना, मग तोवर सगळं माझ्याकडे टाका, त्या म्हणाल्या. जे घर रिकामं करायला मेहुण्याला आठवडा पुरला नव्हता, ते संध्याकाळपर्यंत मोकळं झालं, कारण परत आणून ठेवणारी व्यक्तीच आता बाहेर नेत होती. मेहुण्याच्या वाट्याला सायकल उचलणं आलं. त्याच्यावर आळ घेतल्याबद्दल मात्र त्याची कोणी माफी मागितली नाही.

रविवारी जोडपं आलं. बायको खिडकीशी बराच वेळ उभी राहिली, नवऱ्याने सगळे नळ उघडून पाहिले आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. एजंटबाईला तेवढं पुरे होतं. होकार घेऊन तिने त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि कळवायला वर आली. ताई उघड्या दारातून समोरच्या दाराकडे बघत राहिली. तिथे वहिनी ताईच्या सामानाच्या ढिगाऱ्यात उभ्या होत्या.

वहिनी चौकात आल्या आणि थेट दाजींसमोर येऊन थांबल्या. "तुम्ही शोध लावता ना? मग माझंही एक काम करा. यांच्या त्या नव्या घराच्या आसपास एकटीपुरतं काही मिळतंय का, एवढं शोधून द्या. गुडघे काय, माझेही आज ना उद्या जाणारच."

ताईने त्यांचा हात घट्ट धरला. दाजी ताठ झाले. पाटी रंगवून घेतल्यापासून आपल्या पायांनी चालत आलेलं हे त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होतं. त्यांनी भिंग काढलं, पुसलं आणि घसा खाकरला.

"या प्रकरणात तीन शक्यता संभवतात. पहिली..."

"त्या नव्या घराच्या समोरचंच रिकामं आहे," एजंटबाई चपला घालता घालता म्हणाली. "दारासमोर दार. आत्ता दाखवू?"

वहिनींनी मागे वळून आपल्या घरात नजर टाकली. खाली त्यांचा स्वतःचा संसार होता, त्यावर ताईचा होता, आणि सगळ्याच्या वर मांजर होतं. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मेहुणा खांद्याला पिशवी लावून पहिल्या पायरीवर पोचला होता.

"तुझी अजून सुट्टीच आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

ताई आधीच हसायला लागली होती. मेहुण्याने पिशवी खाली ठेवली.