फळ्यावर न मावलेला अर्धा धडा

देशाची अर्थव्यवस्था तीन फूट बाय दोन फुटांच्या फळ्यावर सहज मावते, असं उत्तरेश्वररावांचं ठाम मत होतं. नाही मावली, तर दोष अर्थव्यवस्थेचा!

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या कॉलनीत बहुतेक सगळे त्याच कारखान्यातले. साल १९९८. पेपरात रोज उदारीकरण, निर्गुंतवणूक, राजकोषीय तूट असले शब्द येत आणि कॉलनीतले लोक रस्त्यातला खड्डा चुकवावा तसे ते चुकवून सोन्याच्या भावाकडे वळत. उत्तरेश्वररावांना हे बघवेना. फाटकाजवळच्या फळ्यावर रोज संध्याकाळी एक धडा लिहायचं त्यांनी जाहीर केलं.

"कशाला?" त्यांच्या पत्नी पूर्णिमाबाईंनी विचारलं.

"देश कसा चालतो ते लोकांना कळायला नको?"

"कळत नाही म्हणूनच चाललाय."

सोमवारी त्यांनी 'नोट म्हणजे काय' लिहिलं. मंगळवारी महागाई. उदाहरणाला साखर घेतली, तर बुधवारी सकाळी समोरच्या गोदाबाई दहा किलो साखर घेऊन जिना चढताना दिसल्या! उत्तरेश्वरराव हरखले. म्हणजे लोक वाचतात!

बुधवारचा विषय होता बँक. कॉलनीतली निम्मी जनता मोतीबिंदूची, म्हणून अक्षर भोपळ्याएवढं काढावं लागे. आठ ओळींतच फळा भरला. लिहिलं ते असं:

'आपण ठेवलेले पैसे तिजोरीत पडून नसतात. ते कर्जाने दिलेले असतात. समजा, उद्या आपल्या कॉलनीच्या पतसंस्थेत सगळे ठेवीदार एकदम पैसे मागायला गेले, तर दहा-बारा जणांनाच मिळतील. संस्था बुडेल. उरलेला धडा उद्या.'

उरलेला धडा वहीत तयार होता. म्हणून घाबरू नये, संस्था विश्वासावर उभी असते, एकमेकांवर भरवसा ठेवला तर कुणाचाच पैसा बुडत नाही, वगैरे. फार सुंदर उतरला होता. उत्तरेश्वररावांनी तो दोनदा वाचून काढला आणि हात धुऊन जेवायला बसले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. कॉलनीतल्या माणसांनी तीस-तीस वर्षं दारूगोळ्याशेजारी काढली होती. खात्याखात्यात सुरक्षेचा फळा असे. 'समजा, गोदामात धूर दिसला' एवढं वाचलं की दाराकडे पळायचं, पुढची ओळ वाचत थांबायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. पुढची ओळ वाचणारे पेन्शनीपर्यंत पोचत नाहीत, असं तिथे गमतीनं म्हणत.

गुरुवारी सकाळी सात वाजता पतसंस्थेच्या बंद शटरसमोर चाळीस माणसं होती. नऊ वाजता दोनशे!

उत्तरेश्वरराव दूध घेऊन येत होते. रांग पाहून थबकले.

"रॉकेल आलंय का?"

"वा! स्वतःच लिहायचं आणि वर विचारायचं!" गोदाबाई म्हणाल्या. "उपकार झाले हो तुमचे. वेळेवर सांगितलंत."

"अहो, मी 'समजा' लिहिलं होतं! ते उदाहरण होतं!"

"तसंच लिहावं लागतं. सरळ लिहिलं तर पोलीस धरतील. आम्हाला कळतं ते."

"उरलेला धडा आज..."

"उरलेला धडा पैसे काढून वाचू. रांग मोडू नका, मागे जा."

शटर वर गेलं. आत मॅनेजर इम्तियाजभाई. वीस वर्षांचे शेजारी, पैशाचीही अफरातफर नसलेला माणूस. रांगेचं दुसरं टोक दिसेना, तसा त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"काय केलंत हे उत्तरेश्वरराव? तिजोरीत दोन लाख आहेत. बाकीचे लोकांच्या रिक्षांत आणि घरांच्या स्लॅबमध्ये गेलेत. ते मी आता उकरून आणू?"

"मी समजावतो सगळ्यांना," उत्तरेश्वरराव म्हणाले आणि वळले. वळले ते दगडासारखे उभे राहिले.

रांगेत चौथ्या नंबरवर, हातात पासबुक घेऊन, पूर्णिमाबाई उभ्या होत्या.

"तू? माझी बायको असून?"

"तुमची बायको आहे म्हणूनच सहाला आले. दीपमालाची फी सोमवारी भरायची आहे. पस्तीस हजार. सगळे इथेच आहेत."

दीपमाला त्यांची धाकटी. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स, मग इथेच एखाद्या कंपनीत नाहीतर थेट अमेरिकेत नोकरी, असं तिचं ठरलं होतं. दोनशे मुलींतून तिला जागा मिळाली होती. सोमवार चुकला की जागा दुसरीला.

"पूर्णिमा, ऐक. ज्यानं लिहिलं त्याचीच बायको पैसे न काढता घरी गेली, तर लोकांना काय वाटेल? धोका नाही, असंच ना? एक माणूस फिरला की रांग फिरते. शास्त्र आहे ते!"

"शास्त्र सोमवारनंतर करा."

"वहिनी, खरं आहे त्यांचं," इम्तियाजभाई खिडकीतून हात जोडून म्हणाले. "तुम्ही गेलात तर बाकीचे जातील. संस्था वाचेल. दुपारी मी स्वतः पस्तीस हजार घरी आणून देतो. माझा शब्द."

पूर्णिमाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा इम्तियाजभाईंकडे. मग पासबुक पिशवीत टाकलं आणि त्या रांगेतून बाहेर पडल्या.

उत्तरेश्वररावांची छाती फुगली. "बघा!" ते मोठ्यानं म्हणाले. "माझं कुटुंब घरी चाललंय!"

दोनशे माणसं खरोखर विचारात पडली. मग पाचव्या नंबरवरचे तात्याराव, शेजारच्या इमारतीतले निवृत्त फोरमन, एक पाऊल पुढे सरकले. त्यांच्यामागून सगळी रांग एकेक पाऊल पुढे सरकली. कवायतीतही इतकी सफाई दिसली नव्हती!

रोकड नवव्या माणसापाशी संपली. दहाव्या नंबरवर गोदाबाई होत्या. त्या रडल्या नाहीत, पायरीवर बसून राहिल्या. दुपारी इम्तियाजभाई शब्द दिल्याप्रमाणे आले. हात रिकामे. दारातच उभे राहिले. "पाणी देता, वहिनी?" एवढंच म्हणाले. त्यांचीही बारा वर्षांची बचत त्याच तिजोरीत होती. शुक्रवारी संस्थेवर प्रशासक बसला. ठेवी कधी मिळणार, असं विचारणाऱ्याला तिथला कारकून 'बघू' म्हणत असे.

शनिवारी दीपमाला कपाटाकडे तोंड करून झोपून राहिली. जेवली नाही. बापाशी बोलली नाही.

रविवारी सकाळी तात्याराव आले. खुर्चीत ऐसपैस बसले.

"ऐकलं मुलीचं. वाईट वाटलं हो. तसे आहेत माझ्याकडे पस्तीस. गुरुवारीच हातात आलेत."

उत्तरेश्वरराव उभेच राहिले. "तात्याराव, तुम्ही म्हणजे..."

"तीन टक्के."

"वर्षाला?"

"महिन्याला. तुम्हाला काय सांगायचं! एवढे लोक अडलेत, भाव चढणारच. मंगळवारी तुम्हीच लिहिलं होतंत." तात्यारावांनी खिशातून स्टँप पेपर काढून टेबलावर पसरला.

महिना तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस. तेही चक्रवाढीनं धरलं तर... उत्तरेश्वररावांनी घसा खाकरला. "एक मिनिट तात्याराव, व्याज म्हणजे मुळात काय असतं, तर..."

पूर्णिमाबाईंनी त्यांच्या हातात पेन दिलं.

"सही करा," त्या म्हणाल्या. "समजावू नका."