कापशी हत्तीचे हशील उतरविले त्याची हकिकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन, लोणावळे प्रांती तुंगार्ली मुक्कामी जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही. वाचणाराने सावध असावे, कडेवर मूल असल्यास ते निजल्यावर वाचावे.

चिरंजीव राजमान्य प्रज्ञेशबाबा, उमर अडीच साल, यांचा खासा कापशी हत्ती तळ्यावर हवा खावयास गेला असता बाबागाडीतून उसळोन जळी पडला आणि कामास आला. मग बाबांनी दुपारची निद्रा वर्ज्य केली, आणि उंट, घोडा, अस्वल नजर केले ते सर्व भिरकाविले, आणि मातोश्री समीक्षाबाई, शिक्षणे एम.कॉम. व स्वभावे चिंतातुर, घडोघडी कपाळास हात लावोन ताप पाहू लागल्या.

शोध करिता हुबेहूब तसाच दुसरा हत्ती चीन मुलखी एका दुकानी आढळला. परंतु दुकानदार परमुलखी माल धाडीत नाही. सबब तेथील एक अडत्या मोबाईलवर गाठिला. त्याने हत्ती खरेदी करोन वखारीत दाखल केला आणि विमानाचे हशील कळविले, ते हत्तीच्या किमतीचे तिप्पट!

टाकव्याहून आलेल्या सासूबाई बयाबाईसाहेब वदल्या, "आगं, खऱ्या हत्तीला इमानात बसवलं तरी येवढं भाडं न्हाई पडायचं!"

समीक्षाबाईंनी अडत्याशी जाबसाल मांडिला, की हत्ती पावशेर, मग हशील कशाचे? अडत्याने कळविले, की विमानाचे दरबारी मापे दोन, एक तराजूचे, दुसरे खोक्याच्या लांबी-रुंदी-उंचीचे, आणि जे भारी तेच लागू. तेव्हा उमगले, की आपण हत्तीचे नव्हे, खोक्यात कोंडिलेल्या चिनी हवेचे भाडे भरीत आहो! ज्या लोणावळ्याची हवा खावयास मुंबई-पुण्याचा लोक लोटतो, तेथे परमुलखीची हवा मागविणे म्हणजे घराण्यास बट्टा. जहाजाचा मार्ग स्वस्त, परंतु तोवर मूल जागे. मग फर्मान सुटले, की खोका मोडावा, हत्ती पिशवीत घालोन यंत्राने हवा ओढावी आणि चपटा करोन रवाना करावा. अडत्याने बजाविले, की हत्ती पुन्हा फुगेल याची हमी नाही. बाईंचे बोट पडद्यावर पुढे होई आणि मागे येई, आणि अखेरीस दाबिले. हशील निम्म्याखाली आले.

मग सरकारी जकात चुकती होऊन हत्ती दाखल जाहला. पिशवी फाडिली, तो सोंड पोटास चिकटलेली.

"ह्यो हत्ती हाय का घावन?" बयाबाईसाहेब वदल्या.

"आई, हसू नका हो, हा फुगलाच नाही तर?"

"आण हिकडं. गच्चीवर उन्हात घालू, झोडू, का फुगंल टम्म."

सासूसुना निघाल्या, तोच प्रज्ञेशबाबांनी चाल करोन पदर धरिला आणि गर्जना केली, "नको! माझाय तो!" आणि हत्ती हिसकावोन गालाखाली घातला, आणि डोळे मिटिले.

तेव्हा बाईंचे ध्यानी आले, की कामास आलेला हत्तीही याच गालाखाली दडपोन दडपोन ऐसाच चपटा जाहला होता. फुगीर येता तर उंटाघोड्यांचे वाटेने जाता.

येणेप्रमाणे हशील उतरले, हत्ती कायम जाहला, बाबा निजले, मोहीम फत्ते. नौबत झडावी ऐसा समय, परंतु मूल उठेल म्हणोन कुकरही लाविला नाही.